रात्रपाळीची हजेरी

अंबडला, शेवटच्या प्लॉटच्या मागं,
जिथं कुंपणाच्या तारेवर कुणाचा तरी हातमोजा
दिवाळीपासून वाळतोय,
मी खुरप्यानं खड्डा करते पेल्याच्या मापाचा.
पेला टपरीवरचाच, प्लास्टिकचा.
काठ मातीशी सपाट यायला हवा.
नखभर जरी वर राहिला
तर येणारा वळसा घालून निघून जातो.
तळाशी दोन बोटं मीठपाणी,
वर चार खिळ्यांवर पत्र्याचा तुकडा.

वॉचमन भोये खुर्ची सोडून आले.
"काय लावताय बाई, तुळस?"
किडे मोजायचेत, म्हटलं.
हसले नाहीत. पेठकडचे ते.
शेजारी उकिडवे बसले.
"काळा का? पाठ कढईसारखी?
दगड उचलला की पळतो, पण उडत नाही?"
तोच.
"नाव काय त्याचं?"
मी लॅटिन नाव सांगितलं, मध्येच अडखळले.
"आम्ही नाव नव्हतं ठेवलं," ते म्हणाले,
"झोपल्यावर पायावरून जायचा. एवढीच ओळख."

उडत नाही म्हणूनच तो.
पाखरू उठून त्र्यंबकला जाईल,
फुलपाखराचा काय भरवसा.
हा जिथं जन्मतो तिथलंच खातो,
अळ्या, गोगलगायी, मातीनं पोसलेलं सगळं;
मातीत जे मुरलं ते त्याच्यात मुरतं.
दिवसा ढेकळाखाली, रात्री कामावर.
सकाळी पेला उचलायचा,
चाळणीत ओतायचा,
हजेरी घ्यायची.

गंगापूर धरणाच्या कडेला सात पेल्यांत एकतीस.
मोहाडीच्या द्राक्षबागेत नऊ;
तिथं मोरचूद मारून मारून
खोडापाशी मातीला निळसर झाक आलीय,
बागवान म्हणतो, बाग कशी निरोगी आहे बघा.
आणि इथं
मुंग्या, एक गोम,
वेल्डिंगचा एक थंड मणी.
चार आठवडे.
मातीच्या नमुन्याचा अहवाल आला: मर्यादेत.
कुणाच्या मर्यादेत, ते खाली लिहिलेलं नव्हतं.

आप्पा याच रस्त्याला, तिसऱ्या शेडमध्ये,
क्रोमच्या टाकीवर बावीस वर्षं. रात्रपाळी.
डॉक्टरनं एका नाकपुडीत बॅटरी धरली
तर उजेड दुसरीतून बाहेर आला.
मधला पडदा नव्हताच.
घरी दूध करपून काळं व्हायचं
आणि आप्पा तिथंच, गॅसपाशी, पेपर वाचत.
आम्ही चिडायचो.
त्यांचं नाव मस्टरवर रोज होतं,
सही स्वच्छ, मराठीत.
ते मस्टर कुणी वाचलं का, ठाऊक नाही.

पाचव्या बुधवारी, चार नंबरच्या पेल्यात,
एक.
सूक्ष्मदर्शकाखाली पाठ जांभळी चमकली,
पाऊस पडून गेल्यावर रस्त्यावरच्या ऑइलसारखी.
डावं झाकण उजव्यापेक्षा केसभर आखूड.
तीनदा मोजलं.
असं दोन बाजूंनी वेगळं घडणं
म्हणजे अंड्यातून निघाल्यापासून काहीतरी टोचत होतं त्याला.
मी शेरा लिहिला. हात थोडा कापला.
मीठपाण्यात ते मरतात,
हे मी भोयेंना सांगितलेलं नाही.
त्यांना ते माहीत असावं.

काल पेले काढायला गेले तर म्हणाले,
"अडीच वाजता एक आला होता.
बॅटरी लाल कागदानं झाकून बघत होतो मी.
अगदी काठापर्यंत आला,
मिशा हलवल्या,
बराच वेळ थांबला,
आणि माघारी गेला, नाल्याकडं."

सगळे रकाने बघितले मी वहीचे.
ठिकाण, पेला, जात, नर, मादी, संख्या.
मग समासात, पेन्सिलनं,
अडीच वाजता, एक,
आणि साक्षीदार म्हणून
भोयेंचं पूर्ण नाव विचारून घेतलं.
सोमा लक्ष्या भोये.