एकच खूण

नारिनच्या कार्यशाळेत सुर्मोकानबाई
शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, कोट न काढता.
मी बोलत होते. साठ स्लाइड, दोन दिवस,
मधे चहा आणि तळलेले बोरसोक,
शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र.
त्यांनी आपलं घडी घालून हातमोज्यात सरकवलं.
ऊब राहावी म्हणून असेल.

फेब्रुवारीत त्यांच्या शाळेत गेले.
कपाटात सोळा टॅब्लेट, सोळाही खोक्यात,
वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं,
आणि कपाटाची किल्ली बाईंच्या गळ्यात, दोऱ्याला.
"बिघडलं तर पगारातून कापतील."
कुणी सांगितलं?
"हे काय सांगावं लागतं?"

माझ्या फॉर्मवर बारा चौकोन होते.
शिक्षिका अमुक वापरते का, तमुक वापरते का.
मी फॉर्म पिशवीत ठेवला
आणि दर गुरुवारी जाऊ लागले,
पुलापर्यंत गाडीनं, पुढे बर्फातून चालत.

पहिल्या गुरुवारी मी काही शिकवलं नाही.
शेगडीजवळच्या बाकावर गुडघे मुडपून
त्यांचा तास पाहिला.
फळ्यावर तीन रेषा ओढतात, आणि तिथे मेंढी उभी असते.
अपूर्णांकांसाठी नान मोडतात, खराखुरा, घरून आणलेला.
अर्धा, पाव, एक अष्टमांश,
आणि तास संपताना
छेदस्थानासकट सगळं मुलांच्या पोटात.
मला माझ्या साठ स्लाइड आठवल्या.
त्यातली एकही कुणाला गिळता आली नव्हती.

पुढच्या खेपेला त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या,
"एकतीस वर्षं मी या फळ्यापुढे उभी आहे.
या काचेपुढे माझं बोट थरथरतं,
आणि पहिल्या बाकावरचा हसतो.
त्याला माझ्या आधी येतं, कळतंय का तुला?"
सोपं आहे हो, असं मी म्हणणार होते.
जीभ चावली.
ज्याला अवघड जातंय
त्याला सोपं आहे म्हणून सांगणं, म्हणजे थप्पडच की.
त्याऐवजी त्यांना सांगितलं,
माझ्या पहिल्या कार्यशाळेत चित्र तासभर उलटं दिसत होतं
आणि बावीस शिक्षक
मला वाईट वाटू नये म्हणून माना वाकड्या करून बसले होते.
बाई हसल्या. सोन्याचा दात आहे त्यांना,
तेव्हा कळलं.

मग एक गुरुवार वादळात गेला, एक तापात.

त्यानंतर त्यांनीच विचारलं,
"हे ऐकून ठेवतं का?"
मी लाल ठिपका दाखवला. एवढंच.
त्यांनी दाबला, खाकरल्या,
आणि स्वतःचं खाकरणं परत ऐकलं.
"हा माझा आवाज? हा तर माझ्या आईचा."

तिलेक नावाचा मुलगा आहे, चौथीत.
त्याचे शब्द दातांशी येऊन अडतात,
म्हणून वाचनाच्या वेळी तो खिडकीबाहेर बघतो
आणि बाई त्याचं नाव विसरल्यासारखं करतात.
त्या दिवशी त्यांनी एका खोक्याचं प्लास्टिक फाडलं,
टॅब्लेट त्याच्या हातात दिला
आणि त्याला कोळशाच्या खोलीत पाठवलं,
एकट्याला.

वीस मिनिटांनी आला, नाकाला काजळी.
बाईंनी टॅब्लेट फोनसारखा कानाला लावला.
मलाही थोडं ऐकू येत होतं.
अडखळणं, परत पहिल्यापासून,
बाहेर कुत्रं भुंकतंय,
परत पहिल्यापासून,
आणि एकदम शेवटी
एक अख्खी ओळ, न तुटलेली.
बाईंनी दोनदा ऐकलं.
बोलल्या काही नाहीत.
गळ्यातला दोरा काढला
आणि किल्ली कोटांच्या खुंटीवर अडकवली,
जिथे पहिल्या बाकावरच्याचाही हात पोचतो.

फॉर्मवर मी एकच खूण केली.
कचेरीतून फोन आला.
"चार महिन्यांत फक्त एक?
ध्वनिमुद्रण? किती मिनिटांचं?"
चार, मी म्हटलं.
त्यातलं एक मिनिट कुत्र्याचं.