बिल्ला नंबर एक्केचाळीस

फाटकावरच डबा अडवला.
बाहेरचं खाणं आत चालत नाही,
पाटीवरचा डॉल्फिन हसत हसत हेच सांगत होता.
बारा घावणे, सुक्या जवळ्याची चटणी,
डब्याच्या झाकणावर माझं माहेरचं नाव कोरलेलं.
वॉचमननं पितळी बिल्ला दिला, एक्केचाळीस.
"जाताना घेवा," म्हणाला, आणि डबा ठेवला
जप्त छत्र्यांच्या आणि चकल्यांच्या पुड्यांच्या रांगेत.

राहणं फुकट होतं. कुडाळच्या पतपेढीच्या सोडतीत
नंदनच्या रिक्षाच्या हप्त्याची पावती लागलेली :
दोन मोठी, दोन मुलं, एक रात्र,
समुद्राकाठच्या वॉटर पार्कात, जेवण वगळून.
'वगळून' इतकं बारीक
की सानिकालाच वाचता आलं,
तेही बस मालवण सोडून पुढं गेल्यावर.

मनगटाला निळा पट्टा. पैसे त्यात भरायचे.
बाराशे भरले.
नोटा दिसल्या नाहीत की खर्च दुखत नाही म्हणतात.
मला प्रत्येक 'टुक'ला दुखला.

चाच्यांच्या खानावळीत
एका डोळ्यावर पट्टी बांधलेला पोरगा ऑर्डर घेत होता.
एक फ्रँकी. मी तिचे चार भाग केले,
अपुऱ्या कापडातून पोलकं काढायची सवय हाताला.
टोकाचा तुकडा, ज्यात नुसती पोळी असते, तो माझा.
पोरगा पट्टी वर करून बघत राहिला.

लाल खेकड्यात खेकडा नव्हता.
मासा कुठला, विचारलं.
"बासा, मॅडम."
तो कुठून येतो?
त्यानं मेनूकार्ड उलटून पाहिलं.
भिंतीपलीकडं रापण ओढणाऱ्यांचा ओरडा
स्पष्ट ऐकू येत होता.

सोलकढी एकशे दहा.
आमच्या परड्यात रातांबे पडून कुजतात,
तरी घेतली. एक पेला, चार तोंडं.
रंग बिटाचा होता.
मुलांना बोलले नाही, त्यांना आवडली होती.

वेदूला ढगांच्या कॅफेतला ज्वालामुखी हवा होता.
तीनशे चाळीस.
नंदन तळहातावर पेनानं बेरीज करत होता,
पाण्यात भिजून आकडे निळे पसरलेले,
त्याला स्वतःलाच वाचता येईनात.
"घेऊया," म्हणाला.
आइस्क्रीम आलं, न मागता चार चमचे आले,
आणि मधून धूर, पांढरा, टेबलाखाली ओघळणारा.
वेदू चमचा विसरून धूरच पकडत बसला.

रात्री आठला पट्ट्यात साठ रुपये उरले.
शंभरच्या खालचे परत मिळत नाहीत.
पोटात भूक होती तशीच.
आम्ही फाटकाशी गेलो, बिल्ला दिला.
डबा हलका लागला.

मी मोजायच्या आधीच तो म्हणाला,
"दोन खाल्लंय मी. सकाळपासून उभो आसंय."
टोपी काढून हातात धरलेली. पांढरे केस.
शर्टावर नाव : भि. कोचरेकर.
काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं,
चटणी का नाही घेतली? कोरडे कसे उतरले?
"सोमवार ना आज. हात नाय लावलंय."

सोमवार माझाही असतो.
या वेळी मी तो सुट्टीत घातला होता.

पार्किंगच्या कठड्यावर बसलो, पाचही जण.
दहा घावणे, पाचाने भागून दोन. नंदनला हात बघावा लागला नाही.
"आतला जेवान कसा आसा?" कोचरेकरांनी विचारलं.
तीन पावसाळे फाटकावर काढले,
आत एकदाही गेले नव्हते.

सानिकानं बाईंसारखे गुण दिले :
फ्रँकी दहापैकी पाच, बासा दोन,
सोलकढी आठ. (मी घावण्यात तोंड लपवलं.)
वेदू उभा राहून ज्वालामुखी करून दाखवू लागला,
दोन्ही हात वर, मग खाली, मग टेबलाखाली.

म्हातारा चावायचा थांबला.
"आणि धूर? धूर खरो होतो?"

"हो," वेदू म्हणाला. "पण गार."