पावणेपाच ते सव्वापाच

कागदावर लिहिलंय, पावणेपाच ते सव्वापाच.
कुपवाडच्या शेडमध्ये पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं,
कुणीतरी चहाला बोलावलंय.
पण हे व्होल्ट.
सेन्सरची जेवणाची वेळ.
कमी वाढलं तर काहीबाही बरळतो,
जास्त वाढलं तर बाधतं.

तबस्सुम म्हणाली, बोर्ड तर तीन पॉइंट तीनवर चालतोय,
यालाही तेवढंच देऊ,
नगामागे अठरा रुपये सुटतील.
देऊन पाहिलं.
उघड्या नळीवर तो किलोभर दाब सांगू लागला,
झोपेत हिशेब करणाऱ्या माणसासारखा.
अठरा रुपयांचा नाद सोडला.
पाच दिले.

हा आकडा सांगत नाही, वाटा सांगतो.
जे द्याल त्याचा दहावा हिस्सा
शून्य दाबालाही बाजूला काढून ठेवतो,
दहातले नऊ झाले की दाब पुरा.
म्हणजे शून्यालासुद्धा तो गप्प नसतो.
गप्प असला तर तार तुटलेली.
हा फरक
मला घरच्या फोनवर कधी करता आला नाही.

फेब्रुवारीत दिग्रजला पहिला डबा बसवला,
पायगोंडा मगदूमांच्या हळदीच्या बॉयलरवर.
चार ड्रम, जनरेटर, वाफेत हरवलेली माणसं,
पिवळी बोटं, पिवळ्या चपला.
तिसऱ्या दिवशी फोन:
"म्याडम, काटा दोन किलो म्हणतोय,
तुमचा डबा एक पॉइंट आठ.
आम्ही कुणाचं ऐकायचं?"

गेले. मीटर लावला.
जनरेटर धापा टाकत होता,
पाचाचे पावणेपाच झाले होते.
सेन्सरचं काही चुकलं नव्हतं,
कमी मिळालं, त्यातला वाटा त्यानं चोख दिला.
मीच इकडे बसून
पाच दिलेत असं धरून भागत होते.

रात्री अप्पांना सांगितलं.
अप्पा जतला तलाठी होते,
पैसेवारी काढण्यात जन्म गेला,
व्होल्ट म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही.
सुपारी कातरत ऐकून घेतलं
आणि विचारलं,
"रुपया कुठला धरलास?"
म्हणाले, पीक कुणीही मोजतं गं,
दहा पोती, बारा पोती.
पण सोळा पोत्यांच्या गावाचा रुपया
आठ पोत्यांच्या गावाला लावलास
तर चांगल्या सालीही दुष्काळ लिहून येशील.
अडकित्ता वाजला.
मला झोप लागली नाही.

सकाळी तबस्सुमनं एक जादा तार टाकली.
बारीक, निळी, शिल्लकेतली.
आता डबा दोन्ही मोजतो,
सेन्सर काय बोलला
आणि त्या घडीला त्याला काय मिळालं होतं.
मगच भागतो.

परत दिग्रज.
जनरेटर खोकला. डबा: दोन.
पायगोंडांच्या पोरानं मुद्दाम पंखा लावला, दिवे लावले,
पुरवठा दबला, मीटरवर मला दिसला.
डबा: दोन.
पोराला कंटाळा आला.

पायगोंडांनी डब्याकडे पाहिलं,
काट्याकडे पाहिलं,
मग ड्रममधून एक वाफाळतं हळकुंड काढून
त्यात काडी टोचली.
काडी गेली.
"बरोबर हाय," म्हणाले.
कुणाला म्हणाले, विचारलं नाही.

(पावणेपाचच्या खाली गेलं तर?
तर निळी तारही वाचवणार नाही.
त्याला पोटभर द्यावंच लागतं,
मग वाट्याचं बोलायचं.
हे मी पायगोंडांच्या वहीच्या शेवटच्या पानावर
मोठ्या अक्षरात लिहून आले:
जनरेटर दुरुस्त करून घ्या.)

घरी आले तर अप्पा जागेच.
"किती पैसे आले?"
दोन किलोला किती, मनात हिशेब केला.
"सव्वीस."
"पन्नाशीच्या आत," ते म्हणाले, "दुष्काळ जाहीर कर."
मी म्हटलं, नाही अप्पा,
हळद शिजली.
आणि पिवळा हात त्यांच्यापुढे धरला.
त्यांनी त्यावर सुपारीचं एक खांड ठेवलं.