राखीव शब्द

गुरुवारी रात्री, रूवीच्या कचेरीत
भाषेची नवी आवृत्ती चढवली
आणि चारशे बारा ठिकाणी एकच तक्रार:
'मॅच' हा शब्द आता तुमचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी इलियास परकार लिहून गेला होता ते फंक्शन,
कंटेनरची यादी जहाजाच्या यादीशी पडताळणारं.
तेव्हा शब्द मोकळा होता, माळासारखा,
कुंपण घालेल त्याचा.
आता भाषेनेच तो गाभ्यात ओढून घेतला.
विचारलं नाही. विचारणार कोणाला?
इलियास पनवेलला असतो म्हणतात, किंवा डर्बनला.

खिडकीबाहेर डोंगर, गवताचं पातं नसलेले.
एसीची नळी बादलीत ठिबकते आहे.

मला काकू आठवली.
तिच्या सासऱ्यांचं नाव साखरोबा,
म्हणून लग्नाच्या दिवसापासून ती साखरेला
'गोडं' म्हणायची.
वाण्याकडे किलोभर गोडं.
रेशनच्या रांगेत गोडं आलंय का हो.
पुढे डॉक्टरांनाही: माझं गोडं वाढलंय.
सासरे गेले, तेरावं झालं, वर्षं गेली,
शब्द काही तिला परत मिळाला नाही.
आम्ही पोरं हसायचो.
उंबऱ्याच्या आतले शब्द कोणते नि आपले कोणते,
बाई एकदाही अडखळली नाही.

हैथम म्हणतो, सोपं आहे, पुढे काहीतरी जोड.
त्याच्या नावात बाप, आजा, टोळी
एकामागे एक उभे;
दुसऱ्या कुठल्या हैथमवर तो आदळत नाही.
आमच्यात गाव मागे लावतात, मी म्हटलं.
नागोठणेकर.
नागोठण्याला मी एकदाच गेलेय,
कोणाच्या तरी बारशाला.
इथल्या कार्डावर तर ठ आणि ण
दोघांनाही जागा मिळाली नाही.
वर एक आकडा दिलाय,
मी कोणाशी गफलत होऊ नये म्हणून.
तो तेवढा मला पाठ आहे.

दोन वाजता, चारशे बारा जागी
'मॅच'च्या आधी लिहिलं 'काकू',
मध्ये एक खालची रेघ.
चाललं. एकही लाल ओळ नाही.

काकू म्हणजे काय, हैथमने विचारलं.
जुनी पद्धत आहे आमच्याकडची, म्हटलं.
तो चहा करायला उठला.
दारातून वळून: साखर किती?

मी दोन बोटं दाखवली.