तीन टिकल्या

अक्षर बरं, म्हणून खडू माझ्या हातात.
मळ्यातल्या क्लबाची खोली, कॅरम भिंतीला टेकवलेला,
आम्ही एकोणतीस जण, पंखा एक.
पालिकेचा मुलगा म्हणाला, पैसे तीनच कामांचे आहेत,
तुमचा प्राधान्यक्रम द्या.
शब्द फळ्यावर मावेना, 'क्रम' खाली घसरला.
केंकरे म्हणाले, असू दे, आपल्याकडे सगळं उतारालाच लागतं.

मग सगळे एकदम.
गटार. गटार. झऱ्याकडची फुटकी पायरी.
रात्री दिवा नाही, आणि असतो तेव्हा
थेट एस्पेरान्साच्या उशीवर.
भरतीला ओहोळातून उलटं चढणारं पाणी
आणि त्याच्याबरोबर कुणाकुणाच्या चपला, नेहमी डाव्याच.
गाड्या.
गाड्यांवर दोन मिनिटं कुणी बोललं नाही,
ज्यांच्या गाड्या, तेही तिथंच बसले होते.
आणि ते फोटोवाले,
पिवळ्या भिंतीला पाय लावून उभे राहणारे,
ज्यांना वाटतं घर रिकामं आहे.
आत कायतान चड्डीवर बसून पेज जेवत असतो.

चौदा ओळी झाल्या. खडू संपत आला.

टिकल्या शेवंतीच्या दुकानातल्या, लाल, मखमली.
माणशी तीन. हव्या तिथं लावा,
तिन्ही एकाच कामावर लावल्या तरी हरकत नाही.
साठीची माणसं रांगेत,
बोटाच्या टोकावर टिकली सांभाळत,
जणू समोर कुणाचं कपाळ आहे आणि ते जरा उंच आहे.
एस्पेरान्सानं विचारलं, हांवें लायल्यार चलता मू?
सगळे हसले. सगळ्यात जास्त तीच.

दारात बिनिता राई उभी होती, गणपुल्यांच्या माडीवरची.
कसिनोत पत्ते वाटते,
आम्ही पावाची पिशवी दाराला अडकवतो
तेव्हा ती झोपायला चढत असते.
म्हणाली, भाड्याने राहणाऱ्यांना किती?

कुणी बोलेना.
पालिकेच्या मुलानं कागद उलटून पाहिला.
मागे काही नव्हतं.
वर्षभरात जाणार ही, केंकरे पुटपुटले, पण ऐकू जाईल इतपत.
शेवंतीनं नवं पाकीट फोडलं.

बराच वेळ ती फळा वाचत राहिली,
देवनागरी तिची आणि आमची एकच, तरी अडखळत.
यात नाही ते लिहाल का?
चढावर, अर्ध्यात कुठेतरी, बसायला काहीतरी.
दहा तास उभं राहून पाय सुजतात.
पोदेरसुद्धा तिथंच सायकल धरून दम खातो.
तुम्ही तेव्हा झोपलेले असता.

खडूचा तुकडा नखात धरून लिहिलं: बाक.
पंधरावं. अक्षर वाईट आलं.
तिनं एक टिकली तिथं लावली, एक गटाराला.
तिसरी मला परत दिली.
अजून नक्की नाही, म्हणाली.

गटार पहिलं. मग दिवा, मग उलटं पाणी.
बाकाला चार.
पायरी हरली, याचं वाईट वाटलं;
माझ्या तिन्ही तिच्यावर लावायच्या ठरवल्या होत्या
आणि मोजणीच्या नादात राहूनच गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे, सहाच्या आत,
चढ मोजत गेलो. पावलं एकशे बारा.
छप्पन्नाव्या पावलाला माझंच कुंपण.
भिंत ढोपराएवढी, बसायला अगदी बेताची,
आणि वर सिमेंटात रोवलेल्या बाटल्यांच्या काचा,
हिरव्या, तपकिरी, एक निळी.
मीच रोवल्या होत्या, कुणी टेकू नये म्हणून.
काम नीट झालंय. एकही हलत नाही.

यादी पालिकेत दिली. पोच घेतली.
घरात हातोडा आहे, छिन्नी सापडत नाही.
छिन्नी केंकऱ्यांकडे असते.
मागायला गेलो तर विचारणार, कशाला हवी.
सदऱ्याच्या खिशात टिकल्या चार,
धुण्यात गेल्या तर जातील.
निघतो.