बावीस गणंग

ओल्या कागदाची गुंडाळी सातव्या दिवशी उलगडली
की आधी वास येतो,
भिजल्या पुठ्ठ्याचा, जरासा आंबूस.
मग शंभर मूग.
दहा-दहाच्या ओळीत मीच मांडलेले,
गेल्या मंगळवारी, चिमट्यानं,
परभणीच्या बियाणे प्रयोगशाळेत, कूलरकडे पाठ करून.
नमुना क्रमांक चारशे सतरा.
आणणारी : चतुराबाई गिराम, मुक्काम पिंगळी.

मूग दिसतो तितका मुका नसतो.
त्याच्या कडेला एक पांढरी रेघ असते,
शेंगेला जिथं चिकटला होता तिथली.
बेंबीच ती, कौसडीकर मॅडम म्हणायच्या.
रेघेच्या टोकाशी भोक, सुईच्या अणीहून बारीक.
आत दोन डाळी, म्हणजे दोन शिदोऱ्या,
आणि त्यांच्या बेचक्यात
अंगाची घडी करून झोपलेला एकजण.
त्याचं एक टोक मूळ होणार, दुसरं खोड.
खाली कुठं, वर कुठं, त्याला कुणी सांगत नाही.
मी मुद्दाम उलटे ठेवून पाहिलेत :
मूळ वळसा घेतं आणि खालीच जातं,
रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाला
अंधारात माठ सापडावा तसं.

आधी मूळच येतं. पान कधीच नाही.
पाण्याची सोय झाल्याशिवाय
तोंड दाखवायचं नाही, अशी रीत.
आणि वर येताना शेंडा पुढं करत नाही;
मान खाली, पाठ पुढं,
मोंढ्यातला हमाल पोत्याखाली शिरतो
तसं मातीखाली शिरून माती उचलतं.
कागदात माती कुठली, अंधार तेवढा असतो.
तरी वाकतंच.

मोजले.
एकसष्ट सामान्य.
नऊ विकृत : कुणाला मूळ नाही, कुणाची मान चिरलेली.
आठ मेले, बोटानं दाबले की पांढरं पाणी.
आणि बावीस जसेच्या तसे.
सात दिवस ओलीत राहून कोरडेठाक.
काचेवर टाकले तर वाजले.

चतुराबाई निकालाला आली.
पदरानं मान पुसत रकाना बघत राहिली.
'कठीण म्हंजी? मेलं का जित्तं हाय?'
जितं आहे, म्हटलं. पाणी प्यालेलं नाही अजून.
'कामून?'
सालीनं आत येऊ दिलं नाही.
'मंग गणंग म्हना की सरळ!'
असं म्हणून ती हसली, मला हसू आलं नाही.
मी दहावीला दोनदा बसले.
आमचे गुरुजी हाच शब्द वापरायचे,
फक्त मुगाबद्दल नाही.

तिच्यासमोरच एक उचलला.
पर्समधल्या नेलकटरच्या कानशीनं
बेंबीच्या उलट्या अंगाला जरा घासला.
हिरवं निघालं, तीळभर पिवळं दिसलं, बस.
टिपकागद भिजवून डब्याच्या झाकणात ठेवला.

उरलेले एकवीस तिनं मागितले.
नमुना परत द्यायचा नियम नाही.
'टाकूनच देनार ना तुमी?'
तिनं ते कनवटीला बांधले.
'सगळे एकदम उठले अन् मदी खंड पडला,
तर मागं राहील कोन?'
एवढं बोलून बस गाठायला निघाली,
पावतीवर सही करायची राहिलीच.

अहवाल त्याच संध्याकाळी गेला.
उगवण एकसष्ट टक्के. कठीण बावीस.
'केव्हा' लिहायला त्यात रकाना नाही.

गुरुवारी दुपारी झाकणातला मूग फुगला होता,
जवळजवळ दुप्पट.
साल सैल पडलेली, कुणाचा तरी जुना शर्ट घातल्यासारखी.
शुक्रवारी सकाळी झाडलोट करताना पाहिलं,
पांढरं टोक बाहेर, खाली वळलेलं.
मी फडकं तसंच हातात धरून उभी राहिले.
आतून मॅडमनी हाक मारली, चारशे अठरा आणायला.

कागदोपत्री तो अजून बाविसातच आहे.