खांब क्रमांक ४७/३

पशुगणनेच्या टॅबमध्ये
घर क्रमांक भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी तीनदा रकाना मोकळा सोडून पाहिला,
तीनदा तांबड्या अक्षरांत बोलणी खाल्ली.

गौतमपुऱ्याच्या अलीकडे, गहू काढलेल्या रानात
पालीकडच्या रेबाऱ्यांचा डेरा.
आठ उंट. उलट्या घातलेल्या खाटा,
खाटांच्या पायांमध्ये कालची कोकरं,
आणि मेंढ्या.
किती?
वगताराम म्हणाला, लिहा पाचशे.
हंजा चहा गाळत होती. मान वर करून
एकदा कळपावरून नजर फिरवली:
चारशे एक्याऐंशी. लंगडी धरून.
तिनं मोजलं नव्हतं.
पंगत बसताना घरची बाई बघते ना,
कोण यायचं राहिलंय, तसं.

कायमचा पत्ता घातला, तर टॅब म्हणे
हे राज्य यादीत नाही.
सध्याचा?
काल अजनोद. उद्या जो बसवून घेईल त्याचं शेत,
रात्रीला वीस किलो गहू आणि चहाची साखर.
पुढे पाऊस म्हणेल तसं.

पागोट्याच्या घडीतून त्यानं पावत्या काढल्या,
जंगलखात्याच्या, घामानं मऊ झालेल्या,
मेंढीमागे इतके, उंटामागे इतके.
एका नाक्यावर पावती नव्हती. ती त्यानं तोंडी सांगितली.
"पैसे घेताना घर नंबर कुणी विचारत नाही,"
हंजा म्हणाली, आणि माझ्या हातात पितळी वाटी दिली.

मी वर पाहिलं.
शेताच्या कडेला विजेचा खांब,
पत्र्याच्या पट्टीवर ४७/३.
तेच टाकलं.
पान उघडलं.

श्रावणात कार्यालयात फोन:
खांब क्रमांक सत्तेचाळीस बाय तीन,
लसीच्या चारशे एक्याऐंशी मात्रा,
लाभार्थी हजर नाहीत, सही कोण करणार?

मंजुरीला चार महिने लागले होते.
तेवढ्यात डेरा मंदसौर, नीमच, चित्तोड करून
केव्हाच घरी पोचला असेल, लंगडीसुद्धा.

रामबागेतून स्कूटर काढली, भिजत गेलो.
खांबाखाली कंपाउंडर शीतपेटीवर बसलेला,
पेटीच्या कडेनं बर्फाचं पाणी
चिखलात मिसळत होतं.
त्यानं पावतीपुस्तक आधीच उघडून धरलेलं.

सगळीकडे सोयाबीन, पोटरीएवढं, जरा पिवळं.
फक्त मधे एक तुकडा
गुडघ्याच्या वर, काळपट हिरवा,
कुणी वेगळ्या शाईनं लिहिल्यासारखा.

शेतवाला देवीसिंग आंजणा छत्री घेऊन आला.
"चार रात्री इथं बसल्या होत्या," म्हणाला.
"या साली सहा बसवीन, गहू वाढवून देईन.
कुठं निरोप धाडायचा?
तुमच्याकडे पत्ता लिहिला असेल ना?"

मी त्या हिरव्या तुकड्याकडे पाहत राहिलो.
एका कोपऱ्यात पीक खुरटं होतं.
तिथं उंट बांधले असतील.